मी वृंदा पोरे बोलतेय

"तक्रारदार हजर आहेत?" अध्यक्षांनी विचारलं.

"आहेत," मी म्हणाले.

"वृंदा पोरे तुम्हीच का?"

"नाही, ही वृंदा. मी तिची मोठी बहीण, जयमाला. हिला ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. जन्मापासून. तिचं मी सांगते."

ग्राहक मंचाची खोली छोटी होती. समोर तिघं बसले होते. मधे अध्यक्ष, एका बाजूला टक्कल पडलेले सदस्य, दुसऱ्या बाजूला चष्म्याची दोरी गळ्यात घातलेल्या सदस्याबाई. डावीकडे झंकार मोबाइलचे वकील, बर्गे. वृंदा माझ्या उजव्या हाताला, खुर्चीच्या अगदी कडेला.

"दुभाषा लागत असेल तर पुढची तारीख देऊ," अध्यक्ष म्हणाले. "तसा नियम आहे."

"कशाला साहेब? चौतीस वर्षं मीच सांगते तिचं."

वृंदानं माझा दंड हलवला. काय म्हणतात? मी खुणेनं सांगितलं, थांब.

बर्गे वकिलांनी कागद पुढे सरकवला. त्यांच्या कंपनीच्या अटींमध्ये अकरावं कलम होतं. त्याप्रमाणे कंपनी योजनेत केव्हाही बदल करू शकत होती. ग्राहकानं वर्षाचे पैसे एकदम भरले असले तरीही. रोजचे तीन जीबी होते, चौथ्या महिन्यात त्याचा एक केला. कलमात बसत होतं.

सदस्याबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला एक सांगा, रोजचे तीन जीबी लागतात कशाला? माझा अर्धासुद्धा संपत नाही." टकले सदस्य हसले. बर्गेही हसले.

मी वृंदाला खुणेनं विचारलं, या बाईंचा अर्धा संपत नाही, तुला तीन कशाला?

वृंदानं उत्तर दिलं. दोन-एक मिनिटं तिचे हात चालू होते. आधी हसणारे दोघंही हातांकडे बघत राहिले. हात थांबले तसे सगळे माझ्याकडे वळले.

"ती म्हणते, मैत्रिणीशी व्हिडिओवर गप्पा मारते. दुपारचं करमत नाही म्हणून."

"एवढंच?" अध्यक्ष म्हणाले. "बरंच काही सांगितलं त्यांनी."

"तेच तेच सांगते ती. सवय आहे तिला."

यावर बर्गे उठले. गप्पांसाठी कुणी ग्राहक मंचात येतं का, असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते होतं. कंपनी माणुसकीच्या नात्यानं तीन हजार रुपये द्यायला तयार आहे, तक्रार मागे घ्यावी, असं ते म्हणाले. अध्यक्ष म्हणाले, विचारा त्यांना. मी विचारलं. वृंदानं मान हलवली.

"चालेल म्हणते."

तडजोडीचा अर्ज टाइप होऊन आला. वृंदानं त्यावर पूर्ण नाव लिहिलं, शाळेतल्यासारखं, प्रत्येक अक्षरावर रेघ. पंधरा दिवसांनी तसा आदेश होईल असं सांगून त्यांनी पुढचं प्रकरण पुकारलं.

*

इथपर्यंत लिहिलेलं सगळं मंचाच्या नोंदीत आहे आणि नोंद खरी आहे. मी जे बोलले ते मी बोलले. वृंदा काय बोलली ते मात्र नोंदीत नाही, आणि वरच्या पानावरही नाही. ते लिहायला तीन वेळा बसले. तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी लिहिलं. त्यातलं एक हे.

*

आमचं कराडला ब्लाउजचं दुकान आहे. अण्णांचं होतं, आमच्या वडिलांचं. अण्णा गेल्यावर माप मी घ्यायची, बेतायचीही मी, आणि शिवायची वृंदा. गिऱ्हाईक वृंदाशी बोलायला लागलं की मी मधे पडायची. "तिला ऐकू येत नाही, मला सांगा." कुणी तिच्यासमोर ओठ मोठे करून बोललं तरी मी म्हणायचे, मला सांगा.

ती शाळेत होती तेव्हा तिथं खुणा केल्या की हातावर पट्टी बसायची. ओठ वाचा, आवाज काढा. म्हणून आमच्या खुणा घरीच तयार झाल्या, आमच्या दोघींच्या. चहा म्हणजे दोन बोटं ओठांशी नेऊन फुंकर. अण्णा म्हणजे कानामागे पेन्सिल. त्या आईला अर्ध्याच येत. आई म्हणायची, "जयू, विचार गं तिला काय पाहिजे." मी विचारायची. मला स्थळं आली तेव्हा मी पाहुण्यांना सांगायची, वृंदाला सोडून कसं चालेल. असं सांग म्हणून मला घरात कुणीही म्हटलेलं नव्हतं.

मग वृंदा कर्णबधिरांच्या एका मेळाव्याला पुण्याला गेली. दोन दिवस. परत आली ती एस्थर साळवीला घेऊन.

म्हणजे फोनमध्ये घेऊन. एस्थर पुण्याची, चाळिशीची, आखूड केसांची, तीही ऐकू न येणारी. खुणांची जी खरी भाषा असते ती शिकवायची. रोज दुपारी दोन वाजता वृंदा बॉबिनच्या डब्याला फोन टेकवून उभा करायची आणि समोर डबा उघडायची. तिकडे एस्थर जेवायची, इकडे ही. चारपर्यंत. एका हातात घास, एका हातानं बोलणं. मधेच वृंदा हसायची. तिच्या हसण्याला आवाज आहे हे मला माहीत होतं, पण तो इतका मोठा असतो हे माहीत नव्हतं. रस्त्यावरचं माणूस थांबून बघायचं.

महिन्याभरात मला त्यातलं काही कळेनासं झालं. हात इतके भरभर जायचे की पाठलाग होत नव्हता.

एकदा वृंदानं मला विचारलं, घेणार का, आणि हातानं काहीतरी केलं. मूठ, तिच्यावर दुसऱ्या हाताची बोटं ढवळल्यासारखी.

मी विचारलं, हे काय?

चहा.

आपला चहा असा नाही, मी म्हणाले.

सगळ्यांचा असाच, ती म्हणाली आणि स्टोव्ह पेटवायला गेली.

दुसऱ्या एका दुपारी मी फोनच्या मागून जात होते. एस्थरनं मला हात केला. मग तिनं वृंदाला काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या.

काय म्हणाली?

काही नाही. नंतर सांगते.

तिनं ते नंतरही सांगितलं नाही. आणि मला आठवलं, लग्नाकार्यात सगळे खो खो हसायचे तेव्हा वृंदा माझा पदर ओढायची, काय झालं, काय झालं. मी म्हणायचे, काही नाही, नंतर सांगते. आठवलं, पण तेव्हा मला वाईट वाटलं नाही. राग आला. एस्थरचा. तिनं ते उत्तर माझ्याकडून चोरून वृंदाला दिलं असं वाटलं.

*

हे सांगायचं राहिलं की डेटा कमी झाला तेव्हा मला बरं वाटलं होतं.

त्या दिवशी तीनला दहा कमी असताना एस्थर अडकली. तोंड अर्धवट उघडं, एक हात वर. वृंदानं फोन हलवला. बाहेर नेला, परत आत आणला. एस्थर हात वर करूनच होती. वृंदानं माझ्याकडे पाहिलं आणि मी चेहरा गंभीर केला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग मेसेज आला. सुधारित योजनेनुसार तुमची दैनंदिन मर्यादा एक जीबी. वृंदानं वर्षाचे पैसे जूनमध्येच भरले होते. तिच्या गटातल्या चौदा जणांनी तिच्या सांगण्यावरून हीच योजना घेतली होती, सगळे ऐकू न येणारे. ती माझ्यासमोर फोन धरून उभी राहिली. बोल यांच्याशी.

तक्रार करायची तर कंपनीचा एक नंबर होता. त्यावर बोलावं लागायचं.

"झंकार मोबाइलमध्ये आपलं स्वागत. आपण कोण बोलताय?"

"मी वृंदा पोरेची बहीण."

"सॉरी मॅडम, ग्राहकाशीच बोलावं लागेल. त्यांना फोन द्याल का?"

"ती बोलू शकत नाही."

"बिझी आहेत का? नंतर फोन करायला सांगा."

"बाळा, तिला ऐकू येत नाही. बोलता येत नाही."

"हो मॅडम, मी समजू शकतो. पण सुरक्षेसाठी ग्राहकानं स्वतः जन्मतारीख सांगायला हवी."

दुसऱ्या दिवशी मी परत लावला.

"झंकार मोबाइलमध्ये आपलं स्वागत. आपण कोण बोलताय?"

"मी वृंदा पोरे बोलतेय."

"बोला मॅडम, काय मदत करू?"

इतकं सोपं होतं. मी वृंदा पोरे झाले आणि पोराशी भांडले. माझे जीबी, माझे पैसे, माझा फोन. वृंदा समोर बसून माझे ओठ बघत होती आणि मधेच अंगठा वर करत होती. त्या एका महिन्यात मी सत्तावीस वेळा वृंदा पोरे झाले. मग अर्ज, नोटीस, ग्राहक मंच. वृंदानं वहीत रोजची वेळ लिहून ठेवली होती. दोन पन्नास, अडकलं. दोन अठ्ठेचाळीस, अडकलं. चौदा जणांच्या वेळाही तिनं मागवून घेतल्या. संध्याकाळी आम्ही दोघी कटिंगच्या टेबलावर ते कागद लावत बसायचो. ती विचारायची, मी सांगायची. आमच्या जुन्या खुणांनी.

वृंदा परत माझ्याकडे बघायला लागली होती. तीन महिने. भांडण चालू राहावं असं मला वाटायचं. ते जिंकावं असं कधीच वाटलं नाही.

*

आता व्हरांडा.

पुकारा व्हायच्या आधी आम्ही मंचाच्या बाहेर बाकावर बसलो होतो. वृंदा नवी साडी नेसली होती, मोरपंखी. मी पिशवीतून लाडू काढला. तिनं अर्धा मोडून मला दिला आणि मग हात पुसून सांगितलं, एस्थरनं पुण्याहून दुभाषी मुलगी बघितली आहे. शिकलेली. आज तिला सुट्टी मिळाली नाही. आज तू त्यांच्याकडून पुढची तारीख मागून घे. पुढच्या वेळी ती येईल.

मी विचारलं, आणि मी?

तू नाही आलीस तरी चालेल. दुकान बंद राहतं. तुला त्रास.

ती चांगुलपणानंच म्हणाली होती. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली होती.

तेवढ्यात शिपायानं नाव पुकारलं.

*

आत काय झालं ते तुम्ही वाचलं आहे. आता वृंदाचे हात.

ती खास माझ्यासाठी घरच्या खुणांनी बोलली. सावकाश, एकेक करून, लहान मुलाला भरवावं तसं. मला चुकायला जागाच ठेवली नव्हती तिनं. सदस्याबाईंनी विचारलं होतं, तीन जीबी कशाला, आणि वृंदा म्हणाली:

'घरात मला सगळे सांगतात. ये. जेव. थांब. हे शिव, ते उसव. माझ्याशी बोलत कुणीच नाही. चौतीस वर्षं. आता दोन तास कुणीतरी बोलतं. मी काय जेवले विचारतं. मला काय वाटतं विचारतं. मी भांडते, मग ती भांडते. चित्र अडकलं की माझी जीभ कापल्यासारखी होते. पैसे नकोत मला. जेवढं दिलं होतं तेवढं परत द्या. ताई फार चांगली आहे. माझ्यासाठी बोलते. पण माझ्याशी बोलत नाही.'

हे मला मोठ्यानं म्हणायचं होतं. माझ्या तोंडानं, तिघांसमोर, 'मी' म्हणून. सत्तावीस वेळा मी म्हणालेच होते, मी वृंदा पोरे बोलतेय.

आणि मी म्हणाले, करमत नाही म्हणून.

तीन हजारांचं विचारलं तेव्हा मी वृंदाला खुणेनं सांगितलं, डेटा परत देतायत. पहिल्या तारखेपासून. म्हणून तिनं मान हलवली. तडजोडीचा इंग्रजी कागद समोर आला तेव्हा तिनं विचारलं, काय लिहिलंय? मी तेच सांगितलं. सही झाली. पुढची तारीख मागायची गरजच उरली नाही. आदेशासाठी दोघींना येण्याचं कारण नव्हतं, टपालानं आला असता.

एसटीत ती खिडकीशी बसली होती. गटाला मेसेज पाठवत होती, जिंकलो. घरी आल्यावर तिनं पेढे आणले. पहिला माझ्या तोंडात घातला. मी खाल्ला. चांगला होता, कंदी पेढा, ताजा.

*

आठव्या दिवशी वृंदाच्या फोनवर मेसेज आला. तडजोडीप्रमाणे रक्कम रुपये तीन हजार जमा करण्यासाठी खाते क्रमांक कळवावा.

ती फोन घेऊन माझ्यापुढे आली. कसले पैसे?

चुकून आला असेल, मी म्हणाले.

ती फोन पुढे धरूनच उभी होती. मी खडूनं बाहीची रेघ मारत होते. मी ती रेघ दोनदा मारली. मग ती तिच्या मशीनवर जाऊन बसली. तडजोडीच्या कागदाची प्रत आमच्याकडे होती, तिचा तिनं फोटो काढला आणि पाठवला. कुणाला ते मी विचारलं नाही.

एरवी वृंदानं काही लिहिलं की मला दाखवायची. ठिकठिकाणी प्रत्यय जोडून मी ते सरळ करून द्यायची. हे पत्र तिनं दाखवलं नाही. मी ते मंचाच्या फाइलीत वाचलं, पुढे.

'माननीय अध्यक्ष साहेब. मी वृंदा पोरे. तारीख चौदा मी आले. मी हात बोलले. बहीण तोंड बोलली. दोन वेगळे. मी पैसे नको. मी डेटा पाहिजे. बहीण सांगितली डेटा परत म्हणून सही केली. आता मेसेज पैसे. दुभाषी मुलगी पुणे येणार. मला परत बोलायचे. बहीण शिक्षा नको. वृंदा पोरे.'

यात सरळ करण्यासारखं काही नव्हतं.

घरी ती माझ्याशी भांडली नाही. जेवण वाढायची, शिवलेलं घडी करून माझ्या टेबलावर ठेवायची. आई म्हणाली, "तुमचं काय बिनसलंय गं?" मी म्हटलं, काही नाही, नंतर सांगते.

*

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही त्याची वाट बघत बसणार नाही. वृंदा जिंकली. तडजोड रद्द झाली आणि दोन महिन्यांनी मंचानं आदेश दिला, वर्षाच्या बोलीवर पैसे घेतले तर वर्षभर बोली पाळा. कंपनीनं गाजावाजा न करता त्या योजनेतल्या सगळ्यांचे तीन जीबी परत चालू केले. चौदा जणांचेही. ते आता जाऊ दे.

मला त्या दिवसाचं सांगायचं आहे. आधीच्या सुनावणीनंतर पंधरा दिवसांनीचं. वृंदानं मला ये म्हटलं नव्हतं. येऊ नको असंही म्हटलं नाही. ती सातच्या गाडीनं गेली, मी आठच्या. मी मागच्या बाकावर बसले.

दुभाषी मुलगी ऋजुता, पंचविशीची, काळा कुर्ता. म्हणे हात नीट दिसावेत म्हणून काळाच घालतात. ती वृंदाच्या समोर उभी राहिली, माझ्यासारखी शेजारी नाही. वृंदाचे हात सुरू झाले आणि ऋजुता बोलायला लागली.

"मी वृंदा पोरे. माझी तक्रार मी स्वतः मांडते आहे."

'मी' म्हणाली ती. तिचा आवाज स्वच्छ होता, किंचित बसका. मी वृंदाला चौतीस वर्षं ओळखत होते आणि तिला असा आवाज मी कधी दिला नव्हता.

"मॅडम," ऋजुता सदस्याबाईंकडे बघून म्हणाली, कारण वृंदा त्यांच्याकडे बघत होती, "तुमचा अर्धा जीबी संपत नाही, कारण तुम्ही फोन कानाला लावता. माझे कान डोळ्यांत आहेत. तुमचं चित्र अडकलं तर आवाज येत राहतो. माझं चित्र अडकलं की वाक्य संपलं. कंपनीनं मला एक जीबी दिला म्हणजे काय सांगितलं? की वृंदाबाई, दुपारी तीननंतर तुम्ही बोलायचं नाही. वकीलसाहेबांना असं कुणी सांगितलं तर त्यांचं कसं होईल?"

टकले सदस्य हसले. बर्गेही हसले, पण या वेळी वेगळं. मला माहीत नव्हतं की वृंदा विनोद करते. घरच्या खुणांमध्ये विनोदाला जागा नव्हती. आम्ही ती केलीच नव्हती.

मग बर्गे उठले. "साहेब, माझा एकच मुद्दा. गेल्या तारखेला याच तक्रारदारांनी बहिणीमार्फत तडजोड मान्य केली. आज त्या फिरतायत. तेव्हा बहीण इथं उभं राहून खोटं बोलली का? तसं असेल तर ते गंभीर आहे. आणि तसं नसेल तर तडजोड कायम ठेवावी."

अध्यक्षांनी वृंदाकडे पाहिलं. "तुमची बहीण खोटं बोलली का?"

ऋजुतानं ते हातांनी सांगितलं. वृंदानं मागे वळून बघितलं नाही. मी आलेय हे तिला माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. तिचे हात थोडेच हलले.

"नाही," ऋजुता म्हणाली. "बहीण खोटं बोलली नाही. तिला कळलं नाही. तिला घरातल्या चार खुणा येतात. माझी भाषा तिला येत नाही."

अध्यक्ष लिहायला लागले. बर्गे खाली बसले. झालं होतं. वृंदानं मला वाचवलं होतं, दोन ओळींत. मी गप्प बसले असते तर नोंदीत तेवढंच राहिलं असतं आणि मी साडेबाराच्या गाडीनं घरी गेले असते.

मी उठले.

"साहेब, मला कळलं होतं."

"बाई, तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. बसा."

"शब्द न् शब्द कळला होता. ती म्हणाली, घरात सगळे मला सांगतात, माझ्याशी कुणी बोलत नाही. ती म्हणाली, चित्र अडकलं की जीभ कापल्यासारखी होते. म्हणाली, पैसे नकोत. मी मुद्दाम नाही सांगितलं."

"का?" हे सदस्याबाईंनी विचारलं.

"तिनं मला पुढच्या तारखेला येऊ नको म्हटलं होतं."

बर्गेंनी पेन खाली ठेवलं.

लोकांना वाटतं, मला पश्चात्ताप झाला. आईलाही तसंच वाटलं. पश्चात्ताप पुढे झाला, बऱ्याच पुढे. त्या क्षणी मला फक्त एवढंच सहन होत नव्हतं की त्या काळ्या कुर्त्यातल्या मुलीच्या तोंडून, मंचाच्या नोंदीत, कायमचं लिहिलं जाणार होतं: जयमालाला वृंदाचं कळत नाही. खोटारडी म्हटलेलं मला चाललं असतं.

ऋजुता माझं बोलणं वृंदाला हातांनी सांगत होती. तिनं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. मला निदान तेवढं कळत होतं.

मग वृंदा मागे वळली. तिनं स्वतःची हनुवटी चिमटीत धरली आणि चेहरा बाजूला फिरवला, झटक्यात.

"काय म्हणाल्या त्या?" अध्यक्षांनी विचारलं.

ऋजुतानं मान हलवली. "सर, हे मला माहीत नाही. घरातली खूण असावी."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत होतं. लहानपणी मी दुसऱ्याच कुणाशी बोलत असले की वृंदा यायची आणि माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची. ती मोठी झाल्यावर मी तिला ते करू दिलं नाही. चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून.

मी वृंदाला विचारलं, सांगू का यांना?

तिनं जरा विचार केला. मग हो म्हणून मान हलवली.

"साहेब, ती म्हणते, तिकडे बघून काय बोलतेस. माझ्याकडे बघून बोल."

अध्यक्षांनी लिहिणं थांबवलं. ऋजुता बाजूला झाली. मी हातातली पिशवी बाकावर ठेवली, वृंदासमोर जाऊन उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.